कोणी बोलत नसताना लुकलुकणारा दिवा

अप्पा,

आमच्या माजघराच्या भिंतीवर एक पांढरा डबा बसवलेला आहे, आणि त्याचा दिवा घरात कोणी बोलत नसतानाही लुकलुकतो. हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं. तुमच्या खेडच्या एक्स्चेंजमध्ये कोणी घरी फोनचं हँडल फिरवलं तरच बोर्डावरची झडप पडायची. दुपारी बाजार झोपला की बोर्डही झोपायचा आणि तुम्ही स्टुलावर बसल्या बसल्या पान लावायचात. हा डबा झोपत नाही. केसाएवढी काचेची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते, या डब्यात शिरते, आणि पुढे तार नाहीच. आमचे फोन, टीव्ही, सुनेचा लॅपटॉप, सगळे हवेतूनच त्याच्याशी बोलतात. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या आळीत फोन असलेली घरं मोजकी होती. आता माझ्या एका घरात बोलणारी यंत्रं माणसांपेक्षा जास्त झाली आहेत, आणि ती काय बोलतात ते तुम्हाला विचारायची सोय राहिलेली नाही.

घरात आम्ही तिघं असतो. हे, म्हणजे तुमचे जावई, निवृत्त झाल्यापासून पेपर आणि परसातली आंब्याची कलमं यांत रमलेले. मुलगा जहाजावर, वर्षातला निम्मा काळ समुद्रात. आणि सून. तिला तुम्ही पाहिलेली नाही. तिची कंपनी पुण्याची, पण काम ती इथे माडीवर बसून करते. दूरदूरच्या ऑफिसांतली यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झाली की ती त्यांना पुन्हा बोलतं करते. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, म्हणजे एक्स्चेंजच की. कंपनीने आता सगळ्यांना पुण्याला परत बोलवायला घेतलं आहे आणि ही दर वेळी काहीतरी सांगून मुदत वाढवून घेते. का, असं विचारलं तर म्हणते, "मला इथे बरं वाटतं, आई." हेही मला खटकायचं. पुण्यात वाढलेली मुलगी, नवरा घरी नाही, आणि हिला सासूसासऱ्यांजवळ रत्नागिरीत बरं वाटतं? चांगलं काही हाती आलं की मी आधी ते उलटून बघते, बाजारात वांगं घेताना बघते तसं. ती सवय कुठून लागली ते तुम्हाला ठाऊक आहे. आई अशीच होती.

शाळा सुटली की मी परस्पर तुमच्याकडे यायची. ती खोली मला अजून दिसते. जुन्या लाकडाचा आणि पानाचा वास, भिंतीवर दत्ताची तसबीर, आणि बोर्डासमोर तुमची पाठ. मुंबईचा कॉल आला की तुम्ही सरळ होऊन बसता. "मुंबई, मुंबई, खेड बोलतंय. ऐकू येतंय का?" मग गप्प राहता. पलीकडची बाई काहीतरी म्हणते, आणि तुम्ही म्हणता, "येतंय, येतंय. तुमचं येतंय मला." मग कुठे गिऱ्हाइकाला जोडता. एकदा मी विचारलं, "अप्पा, तिला तुमचं ऐकू आलं, तुम्हाला तिचं आलं, मग परत 'येतंय येतंय' कशाला?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मला तिचं आलं हे तिला कुठे कळलंय गो?" मला तेव्हा ते उगाचचं वाटलं. बोलण्याआधी एवढी खात्री करून घ्यायची, मग बोलायचं कधी?

त्याच खोलीत तुम्ही मला एकदाच बोललात. तुम्ही पाणी प्यायला उठला होतात आणि मी तुमचा हेडफोन कानाला लावला. एक बाई कोणालातरी पापडाचं पीठ कसं भिजवायचं ते सांगत होती, त्याहून जास्त काही नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. भिंतीच्या आत माणूस सापडावा तसं झालं. तुम्ही ओरडला नाहीत. हेडफोन काढून घेतलात आणि म्हणालात, "आपण जोडायचं. दोघं बोलायला लागली की आपण तिथे नसतो." मग मला पेपरमिंटची गोळी दिलीत. गोळी का दिलीत याचाही मी नंतर पुष्कळ विचार केला. तोंड बंद राहावं म्हणून?

गावात तुमच्यावर विश्वास कोणाचा होता? वाण्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या दिवशी तो आपल्या अंगणात येऊन उभा राहिला होता. चपला न काढता. "पोरीच्या आजारपणाचं मी फोनवरच बोललो होतो मास्तर, दुसरीकडे कुठेच नाही. मग मुलाकडच्यांना कळलं कसं?" तुम्ही म्हणालात, "बसा, पाणी घ्या." तो म्हणाला, "पाणी नको. मला कान कोणाचे होते ते सांगा." तुम्ही काही सांगितलं नाहीत. तो गेला. आई चुलीपासूनच म्हणाली, "खरं सांगा, ऐकलंत ना?" आणि तुम्ही पानावर बसलात, आमटीत भात कालवलात आणि जेवलात. मी तुमच्याकडे बघत होते. ऐकलेला माणूस असा जेवेल का, का न ऐकलेला असा जेवेल, हे मला काही ठरवता आलं नाही.

तर हा डबा. पहिले काही दिवस मी दुपारी त्याचं बटण बंद करायची. वीज जळते, आणि कोणी काही बघत नसताना तो लुकलुकणार कशासाठी? वरून लगेच हाक यायची, "आई! डबा!" एकदा तर ती जिन्यातून धावतच आली. "आई, मीटिंगमध्ये होते हो मी. तिकडे वीसेक माणसांना वाटलं मी चक्कर येऊन पडले." मी म्हटलं, "मग हा बोलतो कोणाशी सारखा, ते सांग. तू तर वर गप्प बसलेली असतेस." मला वाटलं होतं ती चिडेल. पण ती खाली बसली, माझ्यासमोरची परात ओढून घेतली आणि रातांबे फोडायला लागली. दिवस मे महिन्याचे होते, अंगणात आमसुलं वाळत होती. "ही यंत्रं एकमेकांना विचारत असतात, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे. एवढंच."

"रिकामं विचारतात?"

"रिकामं. तुम्ही नाही का, बाबा परसात गेले की आतून हाक मारता, 'अहो, आहात का?' काम काहीच नसतं."

हे ओटीवर पेपर वाचत होते, तिथूनच म्हणाले, "आणि उत्तर दिलं नाही तर बाहेर येऊन बघते. हा डबा निदान बघायला येत नाही."

त्या दिवसापासून दुपारची आमची शाळाच सुरू झाली. प्रोटोकॉल हा शब्द मी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बातमीत वाचलेला, कोणाच्या गळ्यात हार आधी पडायचा वगैरे. ती म्हणाली, प्रोटोकॉल म्हणजे रीत. कोणी आधी बोलायचं, दुसऱ्याने ऐकल्याचं कसं सांगायचं, चुकलं तर काय करायचं. अप्पा, पहिलीच रीत तिने सांगितली आणि माझा हात थांबला. एक यंत्र म्हणतं, ऐकू येतंय का. दुसरं म्हणतं, येतंय, माझं येतंय का. पहिलं म्हणतं, येतंय. मग बोलणं सुरू. मी म्हटलं, "हे तर माझे वडील करायचे." ती म्हणाली, "सगळे तेच करतात, आई. अजून तरी यापेक्षा चांगलं कोणाला सुचलेलं नाही."

पुढे तिने सांगितलं की आता दोघांसाठी एक तार अडवून ठेवत नाहीत. बोलण्याचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर घालतात आणि सोडून देतात. तुकडे मिळेल त्या वाटेने जातात, मागेपुढे पोचतात, पलीकडचा ते नंबराप्रमाणे लावून घेतो आणि मिळाल्याची पोच देत राहतो. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा. मी म्हटलं, "म्हणजे गाऱ्हाणं." तिला गाऱ्हाणं कुठलं ठाऊक असायला? तिला सांगितलं, आमच्या देवळात मानकरी देवापुढे उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून एकेक मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते आलं नाही तर तो पुढे जात नाही. वाक्य पुन्हा घेतो, आणि वर पोरांकडे डोळे वटारतो. ती इतकी हसली की रातांब्याचा लाल रस तिच्या कपाळाला लागला. "हे मी ऑफिसात सांगणार," म्हणाली. मला वाटलं, आमची थट्टा सांगणार.

नावावरून नंबर शोधून देणारं यंत्र वेगळं असतं म्हणे. तुमच्याकडे तरी लोक नंबर कुठे सांगायचे? "डॉक्टरांकडे द्या," म्हणायचे, आणि तुम्ही द्यायचात. मग तिने बंद पाकिटाचं सांगितलं. कोणाकडून कोणाकडे जातंय ते बाहेरून दिसतं, आतला मजकूर मधल्या कोणाला वाचता येत नाही, जोडून देणाऱ्यालाही नाही.

"म्हणजे तुला आमचं काही दिसत नाही?"

"नाही हो."

"खरंच?"

"खरंच, आई."

तिने हे माझ्याकडे बघून सांगितलं. मी परातीकडे बघत होते.

मुलाचा आवाज जहाजावरून तुटत तुटत का येतो, तेही तिने सांगितलं. फोनवर थेट बोलण्याची रीत वेगळी असते. तिथे प्रत्येक तुकड्याची पोच मागत बसलं तर बोलणं तुंबतं, म्हणून गेला तो तुकडा गेला, पुढचा घ्यायचा. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या मुलाचे शब्द समुद्रात पडतात आणि कोणी ते परत मागतही नाही?" ती म्हणाली, "तुम्ही मागा ना. 'काय म्हणालास रे?' म्हणा." तसं मी म्हणतेच. पण तिच्याशी तो बोलतो तेव्हा ती कधी "काय म्हणालास" म्हणत नाही, हे माझ्या लक्षात होतं. तिला सगळं पोचतं आणि मला तुकडे.

मग तिने मला डब्याचं पान दाखवलं. फोनवर उघडतं. घरातलं कुठलं यंत्र डब्याला जोडलेलं आहे त्याची ओळीने नावं, तिनेच घातलेली. आई, बाबा, टीव्ही, माडी, माडीचा फोन. प्रत्येक यंत्र घरात शिरलं की डबा त्याला एक नंबर देतो, पाहुण्याला पाट द्यावा तसा. पान उघडायचा परवलीचा शब्दही तिने मला सांगितला. मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, एवढं सहज का सांगितलं? ज्याला लपवायचं असतं तो असा उघडपणा दाखवतो. मी रोज दुपारी ते पान उघडून बघू लागले.

याच सुमारास माझ्या मनाने घेतलं की माझा फोनही दिवसभर डब्याशी कुजबुजतो. फोनवर डब्याच्या नावाखाली "विसरा" असं एक बटण असतं. ते मी दाबलं. संध्याकाळी मुलाचा फोन डब्यातूनच यायचा म्हणून पुन्हा जोडून घेतला. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर "आई" नाही. माझं नाव गेलेलं, आणि शेवटच्या ओळीत एक परकं. नाव नाही, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. मी देवासमोर जाऊन बसले. मला काढलं आणि दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. हे कोण करू शकतं? ज्याने नावं घातली तोच.

अप्पा, मग मी पाळत ठेवली. पूजा आटोपून बघितलं, ते आहे. दुपारी बघितलं, आहे. दिवेलागणीला, आहे. जेव्हा बघावं तेव्हा हजर. निर्लज्जपणाची कमाल वाटली मला. एकदा ती बाजारात गेली, तिचा फोन तिच्याबरोबर गेला, "माडीचा फोन" यादीतून पुसला गेला, आणि ते परकं मात्र तिथेच. म्हणजे दुसरा फोन ती घरीच लपवून ठेवते. मी माडीवर गेले. तिच्या टेबलाचे खण बघितले, गादी उचलली, माझ्या फोनचा उजेड करून कपाटाखाली वाकून बघितलं. सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला. नवरा समुद्रावर, ही दुसऱ्या फोनवर, आणि पुण्याला जात नाही ती आमच्या प्रेमापोटी नाही, तर इथे दोन म्हाताऱ्यांना काही कळत नाही म्हणून.

गावी देवळाचं काम होतं तेव्हा मी कौल लावून घेतला. यांना सांगितलं नाही. गुरवाला म्हटलं, "घरात कोणी परकं शिरलंय का, एवढंच विचारा." त्याने देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलांचे कळे लावले, प्रश्न मोठ्याने घातला, आणि बघता बघता उजव्या बाजूचा कळा खाली पडला. "उजवा दिलान बघा देवान," गुरव म्हणाला. उजवा म्हणजे होकार. मला रडू आलं. आपला संशय खरा ठरला की आनंद होतो असं लोकांना वाटतं. मी प्रसाद न घेताच बाहेर पडले.

घरी आल्यावर मी ते पान उघडलं, त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि "ब्लॉक" दाबलं. पान तिथेच गोल गोल फिरत राहिलं. मला वाटलं, बसला टोला.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला नाही. मी फोन घेऊन ओटीवर बसले, अंगणात बसले. वर माडीवर मात्र तिचं हसणं ऐकू येत होतं. मग ती जिन्याच्या तोंडाशी आली. "आई, तुमचा फोन लागत नाहीये. वर येता का? तुमचा लेक लाइनवर आहे." मी वर गेले. लॅपटॉपवर त्याचा चेहरा, चौकोनांत मोडलेला. "आई... कशी आ..." म्हणत होता. मी त्याच्याशी बोललेच नाही. तिला म्हटलं, "माझा का लागत नाही ते तुला ठाऊक आहे. मला तोडलंस ना?"

"काय?"

"आधी यादीतून नाव काढलंस, आता फोनच तोडलास. मी त्याला बंद केलं, म्हणून तू मला बंद केलंस."

"कोणाला बंद केलंत?" मुलगा तिकडून "काय झालं, काय झा..." करत होता. ती त्याला म्हणाली, "मी करते नंतर," आणि त्याला घालवला. पुढचे कितीतरी दिवस त्याच्या जहाजाला रेंज नव्हती. मग तिने डब्याचं पान उघडलं, माझा फोन मागून घेतला, आत कुठेतरी जाऊन बघितलं, पुन्हा पान बघितलं. आकडे आणि अक्षरं एकेक करून ताडली. "आई, हा तुमचाच फोन आहे. तुम्ही तुम्हालाच बंद केलंत."

मी म्हटलं, "मला मूर्ख समजू नकोस. माझ्या फोनला 'आई' नाव होतं."

"होतं. तुम्ही 'विसरा' दाबलं होतंत का कधी?" मी तिच्या हातातल्या माझ्या फोनकडे बघितलं. "हल्ली फोन आपलं खरं नाव कोणाला सांगत नाहीत. कोणी माग काढू नये म्हणून एक बनावट नाव तयार करून तेच सांगतात. पूर्वी मीच तुमच्या फोनला खरं सांगायला लावलं होतं. तुम्ही विसरायला लावलंत, म्हणून परत जोडताना त्याने बनावट सांगितलं."

"माझ्या फोनला काय पडलीय लपवायची?"

"त्याला सगळ्यांचा संशय येतो," ती म्हणाली, आणि हसली. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते मी बघत होते. हेही जिन्यात येऊन उभे होते. तिने विचारलं, "आई, तुम्हाला कोण वाटलं होतं?"

शेजारणीचं नाव घेता आलं असतं. शेजारची मुलं डब्याचा शब्द मागत होतीच. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला खोटं सुचलं आणि तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "वाटलं, तुझा दुसरा फोन आहे."

"दुसरा कशासाठी?"

त्याचं उत्तर मी दिलं नाही. तिला ते मिळालं. ती लॅपटॉपच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही रोज दुपारी ते पान उघडता हे मला डब्याच्या नोंदीत दिसायचं. मला वाटलं, तुम्हाला आवड लागली. मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, आमच्या आई स्वतःहून नेटवर्क बघायला लागल्यात. ऑफिसात गाऱ्हाण्याचं सांगितलं तर नव्या मुलांना आता तसंच शिकवतात." मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "बरं, आई." आणि माझा फोन पुन्हा जोडून, त्याला परत "आई" नाव घालून माझ्या हातात दिला.

त्यानंतर घरात सगळं नीट चाललं आहे. ती खाली येते, जेवायची पानं घेते, यांना दुसऱ्यांदा आमटी वाढते, कशी झाली विचारते आणि जेवते. मी तिच्याकडे बघत असते. बघता बघता मला तुम्ही दिसता. वाणी गेल्यावर पानावर बसलेले. तेव्हा मी सगळ्यांबरोबर बघणाऱ्यांत होते, तुमच्या घासाकडे. संशय नेहमी जोडणाऱ्याच्या वाट्याला का येतो, ते आता कळतं. बोलणारी दोघं आपापल्या घरी असतात. मधे हाताला लागेल असा एकच माणूस बसलेला असतो. तुम्ही ऐकलं होतंत की नाही हे मला आजही ठाऊक नाही. पण तुम्ही न रागावता जेवलात ते कशाच्या जोरावर, एवढं मात्र विचारायचं होतं. तिच्यासाठी विचारायचं होतं, कारण तिला मी हे विचारू शकत नाही.

आणि तिच्या त्या "बरं" वर मी अडून बसले आहे. तिनेच शिकवलंय मला, पोच आली म्हणजे तुकडा पोचला, एवढंच समजायचं. पलीकडच्याने त्याचं काय केलं, ठेवला की टाकला, हे पोच सांगत नाही. माझं "चुकलं" तिच्यापर्यंत पोचलं आहे. पुढचं काही कळत नाही. तिच्या चेहऱ्यावरून ते वाचायला बघते आणि मग वाटतं, बघ, पुन्हा तेच करतेस.

आज सकाळी मी चहा गाळत होते. ती ओट्याला टेकून उभी होती, कपाची वाट बघत. म्हणाली, "सोमवारपर्यंत पुण्याचं कळवायचंय. या वेळी मुदत मागितली नाही मी अजून." आवाज नेहमीचा होता. मी कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "बरं." ती थोडा वेळ उभी राहिली, मग कप घेऊन वर गेली.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. पण तुमच्यापाशी एक सांगून ठेवते. त्या "बरं"च्या जागी मला "जाऊ नकोस" म्हणायचं होतं. चहा गाळून झाला होता, हात मोकळे होते, ती समोर उभी होती, आणि तरी मी ते म्हटलं नाही.